मुलीनं विकतचा खेळ मागितला, तर किंमत कशी वाचायची?

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण संगणकावरच्या खेळांच्या किमतीबद्दल बोलणार आहोत. हा विषय मला एका बचत गटाच्या बैठकीत मिळाला.

शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा झाला. बायका उठल्या, पण एक ताई मागेच थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्याशी एक बोलायचं होतं. आते काय करू व माय, मला तर काही कळत नाही."

त्यांची मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. सुट्टीत गटाच्या केळी वेफर्सच्या पाकीटबंदीला बसते. त्या मजुरीतून तिनं साडेतीन हजार रुपये साठवले. आता तिला त्या पैशांतून संगणकावरचा एक खेळ विकत घ्यायचा आहे. मावसभावाकडे नाशिकला गेली होती, तिथे तिनं तो पाहिला. घरात जुना लॅपटॉप आहे, त्यावर तो चालेल असं ती म्हणते.

ताईंना भीती का वाटली, तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या दिराच्या मुलानं मोबाइलवरच्या एका खेळात कापसाच्या पैशातले हजारो रुपये घालवले होते. तो खेळ तर फुकटचा होता! घरात तेव्हापासून "गेम" हा शब्द काढला तरी भांडण होतं. मुलीच्या भावाचं म्हणणं, "मी फुकटचा खेळतो, हिलाच कशाला विकतचा पाहिजे?" आणि ताईंचा प्रश्न असा: फुकटच्या खेळात इतके पैसे गेले, तर साडेतीन हजाराच्या खेळात किती जातील?

प्रश्न अगदी रास्त आहे. मला उत्तर माहीत नव्हतं. माझा भाचा पुण्यात संगणकाचंच काम करतो. दोन दिवस त्याच्याकडे बसून मी हे समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

हा खेळ आहे तरी काय?

आपल्याकडे देवळाच्या ओट्यावर दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट तुम्ही पाहिला असेल. श्रावणात चिंचोके घेऊन आपण चल्लस-आठ खेळलो आहोत. वाघ-बकरीत नशीब नाही, सगळी चाल डोक्याची. कुठली बकरी पुढे करायची, कुठली राखून ठेवायची, वाघ कोंडायचा कसा. याला म्हणतात डावपेचाचा खेळ. बुद्धिबळ हा त्यातलाच.

संगणकावर असे डावपेचाचे खेळ आहेत, पण फार मोठे. मुलीनं मागितलेल्या खेळाचं नाव आहे 'युरोपा युनिव्हर्सालिस', त्याचा चौथा भाग. स्वीडन देशातल्या स्टॉकहोम शहरात पॅराडॉक्स नावाची कंपनी आहे, तिनं तो २०१३ साली काढला. पडद्यावर सगळ्या जगाचा नकाशा येतो. तारीख असते ११ नोव्हेंबर १४४४. आपण एक राज्य निवडायचं आणि जवळपास पावणेचारशे वर्षं ते चालवायचं. कर किती घ्यायचा, सैन्य किती ठेवायचं, शेजाऱ्याशी तह करायचा की लढाई, कर्ज काढायचं की काटकसर करायची, हे सगळं आपण ठरवायचं. एक डाव पुरा व्हायला कित्येक दिवस लागतात.

आणि त्या नकाशावर, मैत्रिणींनो, खानदेश नावाचं राज्य आहे! मुलगी त्याच कारणानं भुलली. ते खरंही आहे. आपल्या खानदेशावर फारुकी घराण्याचं राज्य होतं. १३८२ साली त्याची सुरुवात झाली. पहिली राजधानी थाळनेर, म्हणजे याच शिरपूर तालुक्यातलं तापीवरचं थाळनेर. पुढे बुऱ्हाणपूर वसलं आणि राजधानी तिकडे गेली. १६०१ साली अकबरानं असिरगड घेतला आणि ते राज्य संपलं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत उरकलेलं आपलं गाव स्वीडनच्या खेळात राज्य म्हणून दिसतं, तेव्हा इतिहास शिकणाऱ्या पोरीला मोह होणारच.

मी हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे घर चालवण्यासारखंच की. पैसा कमी, मागणारे जास्त." अगदी तसंच. या खेळात मारधाड कमी आणि हिशोब जास्त.

इतकी किंमत कशामुळे?

वेफर्सच्या पाकिटावरच्या छापील लेबलचं उदाहरण घ्या. दोनशे लेबलं छापली तर एक लेबल महाग पडतं. दहा हजार छापली तर तेच काही पैशांत पडतं. साचा तयार करायचा खर्च दोन्ही वेळा तेवढाच असतो. तो किती पाकिटांवर वाटला जातो, त्यावर भाव ठरतो.

खेळाचं तसंच आहे. मारामारीचा, गाड्या पळवायचा खेळ कोट्यवधी लोक खेळतात. हा जड, डोकेफोडीचा खेळ खेळणारे जगात थोडे. पण तो बनवायला माणसं भरपूर लागतात: इतिहास वाचणारी, नकाशे काढणारी, हिशोब बसवणारी. पुढे वर्षानुवर्षं दुरुस्ती करत राहावं लागतं. हा सगळा खर्च थोड्या गिऱ्हाइकांकडून निघायचा असतो.

त्यासाठी कंपनीनं एक पद्धत ठेवली आहे. मूळ खेळ एकदा विकायचा, आणि मग दर काही महिन्यांनी त्याला जोड-भाग काढून ते वेगळे विकायचे. चुका सुधारायचं काम सगळ्यांसाठी मोफत. नवीन काही हवं असेल तर पैसे. या एका खेळाचे दहा वर्षांत वीसच्या आसपास मोठे जोड-भाग निघाले. त्यातला 'धर्मा' नावाचा भाग २०१८ साली खास भारतासाठी काढला होता.

आता आकडे बघू. हे खेळ आणि भाग निघाले तेव्हाचे अमेरिकेतले भाव आहेत. मूळ खेळ ४० डॉलरचा. 'धर्मा' २० डॉलरचा. हिशोबाला सोपं म्हणून डॉलरमागे ८५ रुपये धरू. मूळ खेळ झाला ३,४०० रुपये, जोड-भाग १,७०० रुपये. असे सहा भाग घेतले तर १०,२०० रुपये. मूळ खेळ धरून १३,६०० रुपये. मुलीनं साडेतीन हजाराचा हिशोब केला होता, तो फक्त मूळ खेळाचा होता. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: अशा खेळाची पाटीवरची किंमत ही पहिली पायरी असते. पुढच्या पायऱ्या किती आहेत, ते घेण्याआधी विचारायचं.

पण सगळे भाग घ्यावेच लागतात असं नाही. मूळ खेळावरही महिनोन्‌महिने खेळता येतं. साडी घेतली म्हणून तिच्यावरचे दागिनेही त्याच दिवशी घ्यायचे नसतात.

तोच खेळ कमी पैशांत

हे खेळ आता दुकानात डबीत मिळत नाहीत. इंटरनेटवर 'स्टीम' नावाचं अमेरिकन दुकान आहे, तिथून ते संगणकावर उतरवून घेतात. तिथे काटकसरीचे काही रस्ते आहेत.

पहिला रस्ता, रुपयातला भाव. २०१५ पासून हे दुकान भारतात रुपयात भाव दाखवतं. वर मी डॉलरचे रुपये केले, तो फक्त अंदाज होता. खेळ काढणारी कंपनी भारतासाठी वेगळा, कमी भाव ठेवू शकते. काही कंपन्या ठेवतात, काही नाही. म्हणून घेण्याआधी रुपयातला त्या दिवसाचा भाव बघायचा. काही मुलं आपण दुसऱ्या स्वस्त देशात आहोत असं भासवून खेळ घेतात. ते दुकानाच्या नियमाविरुद्ध आहे; खातं बंद झालं तर घेतलेले सगळे खेळ हातचे जातात.

दुसरा रस्ता, सेल. दरवर्षी जूनअखेरीला आणि डिसेंबरअखेरीला मोठे सेल लागतात. जुन्या खेळांचे भाव त्यात बरेच उतरतात. कापडाच्या दुकानात आपण थांबतो, तसं इथेही थांबावं. मुलीला सांगावं, खेळाचं नाव यादीत लिहून ठेव, भाव उतरला की दुकान कळवतं.

तिसरा रस्ता, महिन्याचं भाडं. या खेळासाठी कंपनीनं २०२१ साली अशी सोय काढली की महिन्याला पैसे भरा आणि सगळे जोड-भाग वापरा. सुरुवातीला ते भाडं ५ डॉलर होतं, म्हणजे आपल्या हिशोबानं ४२५ रुपये. त्या भावानं दिवाळीच्या सुट्टीत एक महिना घेतलं तर ४२५ रुपयांत सगळे जोड-भाग बघून होतात. पण विसरून वर्षभर चालू ठेवलं तर ५,१०० रुपये जातात! भाड्याच्या सायकलसारखं आहे हे. वेळेवर परत केली तर स्वस्त, दारात उभी ठेवली तर महाग.

चौथा रस्ता, परत करायची सोय. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर या दुकानात पैसे परत मागता येतात. दोन तासांत हा खेळ समजत नाही. पण आपल्या जुन्या लॅपटॉपवर तो चालतो की अडखळतो, एवढं नक्की कळतं. तेवढ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे.

पाचवा रस्ता, वाटून घेणं. एका घरातली सहा जणांपर्यंत माणसं आपले खेळ एकमेकांना वापरायला देऊ शकतात. फक्त एकच खेळ एकाच वेळी दोघांना चालत नाही, त्याला दोन प्रती लागतात. शिवाय या खेळात मैत्रिणी मिळून खेळत असतील, तर डाव मांडणारीकडे जे जोड-भाग आहेत ते त्या डावापुरते सगळ्यांना मिळतात. मूळ खेळ प्रत्येकीकडे हवा, पण जोड-भाग एकीनं घेतले तरी भागतं. गावात एकीनं फवारणी पंप घ्यावा आणि चौघींनी वापरावा, तसं.

एक रस्ता मात्र धरू नका. मुलं म्हणतात, "कशाला पैसे, क्रॅक केलेला फुकट मिळतो." ती चोरीची प्रत असते. ती कुणी फोडली, तिच्यात काय घातलं, कुणाला ठाऊक नसतं. त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचं काम करतो, गटाचे कागद ठेवतो. तीन हजार वाचवायला जाऊन खात्याचा पासवर्ड चोराच्या हातात द्यायचा, हा सौदा परवडणारा नाही.

किमतीच्या बाहेरचा खर्च

खेळ घेतला म्हणजे खेळता येतो असं नाही. आणखी चार गोष्टी लागतात.

यंत्र: हा खेळ मोबाइलवर चालत नाही, संगणकच लागतो. आधीच घरात असेल तर ठीक. फक्त खेळासाठी संगणक घ्यायचा म्हटलं तर खर्च अनेक पटींनी वाढतो.

इंटरनेट: खेळ उतरवून घ्यायला पाच-सहा जीबी डेटा लागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चार दिवस जातील. एकदा उतरला की नंतर इंटरनेट नसतानाही एकटीला खेळता येतो, हे आपल्यासारख्या ठिकाणी बरं. आणि लाइट गेली की जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती टिकते, तेही बघावं लागतं.

भाषा: खेळ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश भाषेत आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. पडद्यावर सतत वाचावं लागतं. नकाशावर खानदेश आहे, पण खानदेशातल्या मुलीला तो खेळायला परक्या भाषेतून जावं लागतं. इंग्रजीची भीती असेल तर पहिल्या दोन दिवसांतच मन उडेल. उलट चिकाटी असेल तर इंग्रजी सुधारतं. आपल्या मुलीचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो.

वेळ: हा सगळ्यांत मोठा खर्च. असे खेळ शिकायलाच कित्येक तास जातात. आणि इथे मला आपल्या घरांबद्दल बोलायचंय. मुलगा दोन तास मोबाइल घेऊन ओट्यावर बसतो, तेव्हा आपण "खेळतोय" म्हणतो. मुलगी अर्धा तास लॅपटॉपसमोर बसली की भांडी आठवतात. घरातला मोबाइल आधी त्याच्या हातात जातो, तिच्या हातात नंतर. किंमत परवडली तरी मोकळा वेळ मिळाला नाही, तर तिला तो खेळ मिळालाच नाही असं समजा.

मग फुकटच्या खेळात पैसे कसे गेले?

आता ताईंच्या खऱ्या भीतीकडे येऊ. अमळनेरच्या यात्रेत समजा एक पाळणा असा आहे की बसायला पैसे नाहीत. सगळी पोरं धावत जाऊन बसतील. पाळणा वर गेला की मालक म्हणतो, अजून एक फेरी हवी असेल तर दहा रुपये, पुढच्या पोरापेक्षा उंच जायचं असेल तर पन्नास. वर बसलेलं पोर नाही म्हणत नाही. मोबाइलवरच्या बऱ्याच फुकट खेळांचा धंदा असाच चालतो.

त्यात रुपये दिसत नाहीत. नाणी, हिरे, रत्नं असतात. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे, मग हिरे खर्च करायचे. शंभर हिरे गेले तर मुलाला शंभर रुपये गेल्यासारखं वाटत नाही. काही खेळांत बंद पेटी विकतात. आत काय निघेल माहीत नाही. हवी ती वस्तू निघेपर्यंत मुलं पेट्या घेत राहतात. खर्चाला वरची हद्दच नसते.

विकतच्या खेळाचं तसं नाही. पायऱ्या कितीही असल्या तरी प्रत्येक पायरीवर रुपयात किंमत लिहिलेली असते. ती जोडून एकूण काढता येते आणि नाही म्हणून थांबताही येतं. म्हणून ताईंच्या मुलाचा प्रश्न आपण उलटा करू. बहिणीचा खेळ महाग दिसतो, पण त्याचा हिशोब घरात बसून मांडता येतो. भावाचा खेळ फुकट दिसतो, पण तो कितीला पडला हे महिनाअखेरीला पासबुक बघितल्यावर कळतं.

आणि तिसरा प्रकार आहे पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांचा. त्याची गोष्टच वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांसाठी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचं आमिष दाखवणारे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातीवर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात ठेवली आहे. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळून फसलेल्या पोराला नाही. म्हणून मूल अडकलं असेल तर लपवू नका. पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

मुलीनं मागितलेला खेळ जुगार नाही. त्यात पैसे लावायचे नसतात, जिंकायचे नसतात. पुस्तक घेतल्यासारखं एकदा किंमत द्यायची. फक्त एक फरक: पुस्तक वाचून झाल्यावर विकता येतं, कुणाला देता येतं. हा खेळ विकता येत नाही. आपण घेतो तो वापरायचा परवाना असतो, आणि तो त्या खात्याला बांधलेला असतो.

एक पैसाही न देता

असेच डावपेचाचे काही खेळ खरोखर मोफत आहेत. त्यात हिरे नाहीत, पेट्या नाहीत. ते हौशी लोकांनी मिळून बनवले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. 'फ्रीसिव्ह' नावाचा खेळ डेन्मार्कमधल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि १९९६ साली लोकांना दिला. तो जुन्या संगणकावरही चालतो. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा २००३ पासूनचा, तोही संगणकावर मोफत. मोबाइलच असेल तर 'अनसिव्ह' आहे. साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय, जाहिरातींशिवाय चालतो. बुद्धिबळासाठी 'लीचेस' आहे. तो लोकांच्या देणग्यांवर चालतो, खेळणाऱ्याकडून काही घेत नाही. भाषेची अडचण बुद्धिबळात जवळजवळ येतच नाही. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, हे तुम्ही ऐकलंच असेल.

मग खरं फुकट आणि फसवं फुकट ओळखायचं कसं? खेळ उतरवण्याआधी त्याच्या पानावर बघा. 'इन-ॲप परचेस' असं लिहिलेलं असेल तर आत पैसे मागणार हे समजा. मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी त्यांना येतं.

घरात करायच्या गोष्टी

मैत्रिणींनो, मुलानं किंवा मुलीनं खेळ मागितला तर लगेच हो नको, लगेच नाहीही नको. वही पुढे करा आणि तिलाच लिहायला लावा. मूळ किंमत रुपयात किती? जोड-भाग किती, त्यातले खरंच लागतात कोणते? सेल कधी? आपल्या यंत्रावर चालेल का? दिवसाला किती वेळ, आणि कुठल्या वेळी? ही वही ज्या मुलाला लिहिता येत नाही, त्याचा खेळ अजून घ्यायचा नाही.

पैसे भरताना यूपीआयचा पिन आपणच टाकायचा. तो मुलांना सांगायचा नाही, त्यांच्या वाढदिवसाची तारीख ठेवायची नाही. महिन्याचं भाडं घेतलं तर 'ऑटो-पे' चालू होतं. मग दर महिन्याला पिन न विचारता पैसे कापले जाऊ शकतात. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटो-पेची यादी असते. गटाच्या हप्त्याच्या दिवशी ती यादी उघडून बघायची सवय लावा. नको ते तिथल्या तिथे बंद करता येतं. मुलांच्या हातात जो फोन असतो, त्याला बँकेचं खातं न जोडलेलंच बरं.

त्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. मायलेकींनी वही लिहिली. लिहिता लिहिता मुलीलाच कळलं की आपला हिशोब पहिल्या पायरीचाच होता. तिनं ठरवलं, आधी मोफतचा फ्रीसिव्ह दोन महिने खेळून बघते. तरी हौस राहिली तर डिसेंबरच्या सेलमध्ये फक्त मूळ खेळ घेते, आणि पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर चालतो का ते तपासते. उरलेले पैसे खात्यात.

ताईंनी त्या वहीत शेवटी एक ओळ स्वतः लिहायला लावली: रविवारी दुपारी दोन ते चार भांडी भावाकडे. भावानं आधी तोंड वाकडं केलं. मग वहीत स्वतःचंही पान पाडलं. गेल्या तीन महिन्यांत त्याच्या फुकटच्या खेळात किती गेले, ते त्यानं मोबाइलमधून काढून लिहिलं. बेरीज साडेचार हजाराच्या वर गेली. घरात भांडण झालं नाही. ताई म्हणाल्या, सगळे थोडा वेळ गप्प बसले, एवढंच.

तुमच्या गटातही ही वही एकदा काढून बघा.